सायपॅक्ट: एका राज्याच्या लायसन्सवर दुसऱ्या राज्यातले क्लायंट कसे बघायचे

अमेरिकेत सायकॉलॉजिस्टचं लायसन्स देशाचं नसतं, राज्याचं असतं. भारतातून इथे पीएचडी किंवा साय-डी (प्रॅक्टिसकडे झुकलेली सायकॉलॉजीची डॉक्टरेट) करायला आलेल्या पोरांना ही गोष्ट बऱ्याचदा इंटर्नशिप संपत आली की नीट कळते. आपल्याकडे आरसीआयच्या, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाच्या, रजिस्टरमध्ये क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून नाव लागलं की तुम्ही सोलापुरात बसा नाहीतर शिलाँगला, रजिस्ट्रेशन तेच. इथे न्यू जर्सीचं लायसन्स डेलावेअर नदीच्या अलीकडे चालतं, पूल ओलांडून फिलाडेल्फियात शिरलात की त्या राज्याच्या कायद्याच्या लेखी तुम्ही बाहेरचे. आणि "मी कुठे गेले, मी तर घरीच बसलेय, क्लायंट तेवढा पलीकडे आहे" हे व्हिडिओ सेशनलाही चालत नाही, कारण क्लायंट जिथे बसलाय तिथे सेवा दिली असं धरलं जातं.

यावर जो मार्ग निघालाय त्याचं नाव सायपॅक्ट. बरीच राज्यं मिळून केलेला करार आहे, म्हणजे प्रत्येक राज्याने आपल्या विधिमंडळात तोच मसुदा कायदा म्हणून मंजूर करायचा. मसुदा केला एएसपीपीबीने, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या सायकॉलॉजी बोर्डांच्या संघटनेने, २०१५ मध्ये. पहिलं राज्य अॅरिझोना, २०१६. सात राज्यं झाल्याशिवाय करार चालू होणार नाही अशी अट होती, ती २०१९ मध्ये जॉर्जिया आल्यावर पुरी झाली, आणि अर्ज घ्यायला सुरुवात २०२० च्या जुलैत. कोविडच्या ऐन मध्यात, जेव्हा सगळी थेरपीच स्क्रीनवर गेली होती! आता सभासद चाळीसच्या वर आहेत. आपली मराठी माणसं जिथे जास्त आहेत त्यातली बरीच राज्यं आत आहेत: न्यू जर्सी, टेक्सस, इलिनॉय, पेनसिल्व्हेनिया, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलायना, व्हर्जिनिया, मिशिगन, वॉशिंग्टन, फ्लोरिडा. आणि दोन मोठी भोकं, कॅलिफोर्निया आणि न्यू यॉर्क. बे एरिया आणि क्वीन्समधल्या लोकांची मराठीत बोलणारा थेरपिस्ट हवा म्हणून सगळ्यात जास्त विचारणा येते आणि नेमकं त्यांनाच नाही म्हणावं लागतं, असो.

एक गोष्ट आधीच डोक्यात फिट करा. सायपॅक्ट हे लायसन्स नाही. एमएच पासिंगच्या ट्रकला नॅशनल परमिट असतं तसं समजा, गाडी रजिस्टर महाराष्ट्रातच, आणि मूळ रजिस्ट्रेशन गेलं की परमिटही गेलं. त्यामुळे "चाळीस राज्यांत लायसन्स्ड" असं प्रोफाइलवर लिहू नका, बोर्डवाले ते बघतात आणि ते खोटं आहे.

आधी बघा तुम्ही यात बसता का

हे फक्त डॉक्टरेट झालेल्या लायसन्स्ड सायकॉलॉजिस्टसाठी आहे. मुंबई-पुण्याचं एमए किंवा एमफिल, त्यावर इथलं एखादं मास्टर्स आणि एलपीसी (काउन्सेलर), एलएमएफटी (विवाह-कुटुंब थेरपिस्ट), एलसीएसडब्ल्यू (सोशल वर्कर) अशी लायसन्सं असतील तर सायपॅक्ट तुमचं नाही. काउन्सेलरांचा वेगळा करार आहे, सोशल वर्करांचा वेगळा, स्कूल सायकॉलॉजिस्टांचाही वेगळा, त्यांची राज्यं वेगळी, नियम वेगळे आणि ते किती पुढे आलेत तेही वेगळं. नावं सारखी वाटतात म्हणून लोक गल्लत करतात.

डॉक्टरेट कुठली, तर अमेरिकेच्या एपीए किंवा कॅनडाच्या सीपीए या सायकॉलॉजिस्टांच्या संघटनांनी मान्यता दिलेल्या प्रोग्रॅमची असली की काम सरळ होतं, आणि मान्यता डिग्री मिळाली त्या तारखेला असायला हवी. नंतर मिळाली, आधी होती मग गेली, असलं काही असेल तर आधी एएसपीपीबीला ईमेल टाका, अर्ज भरून पैसे अडकवून बसू नका. डॉक्टरेटच भारतातली असेल तर परदेशी डिग्रीचं मूल्यमापन करणाऱ्या संस्थेकडून ती इथल्या तोडीची आहे असं लेखी यावं लागतं, आणि नुसत्या संशोधनाची पीएचडी असेल तर तिथेच गाडी अडते, कारण इथे कोर्सवर्क आणि देखरेखीखालची इंटर्नशिप दोन्ही तपासतात.

ईपीपीपी, म्हणजे लायसन्ससाठीची सायकॉलॉजीची परीक्षा, द्यावीच लागते. २२५ प्रश्न, त्यातले १७५ मार्कांत धरतात, बाकीचे पुढच्या परीक्षांसाठी चाचणी म्हणून घातलेले, पण कुठले ते तुम्हाला कळत नाही. स्केल्ड स्कोअर ५०० हवा. काही राज्यांत पूर्वी वेगळ्या स्कोअरवर लायसन्स मिळालेले जुने लोक इथे अडकतात, तुम्ही नवीन आहात तर हा प्रश्न बहुधा येणार नाही.

आणि लायसन्स पूर्ण, बिनशर्त हवं. न्यू जर्सीत परमिटवर सुपरव्हिजनमध्ये काम करणारे, पोस्टडॉक (डॉक्टरेटनंतरचं देखरेखीखालचं काम) करणारे, इंटर्न, या कोणालाच सायपॅक्ट लागू नाही. "माझ्या सुपरव्हायजरकडे आहे, मी त्यांच्या नावाखाली टेक्ससचा क्लायंट घेते" हे चालत नाही, आणि कोणी सीनियर माणूस "घे गं, काय होतंय" म्हणाला तरी घेऊ नका, पुढे लायसन्सच्या अर्जावर उत्तरं तुम्हाला द्यायची आहेत, त्याला नाही.

होम स्टेट ठरवा

होम स्टेट म्हणजे ज्या सभासद राज्याचं लायसन्स तुमच्याकडे आहे आणि जिथे बसून तुम्ही सेशन घेता ते. नवीन लोकांनी लायसन्स कुठे काढायचं हे ठरवताना याचा विचार करावा असं माझं स्पष्ट मत आहे. पोस्टडॉक न्यू यॉर्कला मिळाली म्हणून लायसन्सही फक्त तिथलंच काढलं तर सायपॅक्टचं दार बंद. हडसनच्या पलीकडे जर्सी सिटीत राहत असाल तर न्यू जर्सीचंही काढून ठेवा, खर्च होतो, कागदपत्रं परत पाठवायला लागतात, पण पुढची वर्षं सोपी जातात. प्रत्येक राज्याचं काहीतरी आपलं आपलं असतं, टेक्ससला त्यांच्या कायद्यावरची ज्युरिस्प्रुडन्स परीक्षा आहे, कुठे पोस्टडॉकचे तास लागतात कुठे नाही, ते त्या त्या बोर्डाच्या साइटवरच बघायचं, सीनियरच्या तीन वर्षांपूर्वीच्या माहितीवर नाही.

दोन रस्ते: एपीआयटी आणि टॅप

व्हिडिओ किंवा फोनवर क्लायंट बघायचे असतील तर एपीआयटी नावाची परवानगी लागते, आणि ती मिळण्यासाठी आधी एएसपीपीबीचं ई-पासपोर्ट नावाचं सर्टिफिकेट. प्रत्यक्ष दुसऱ्या राज्यात जाऊन काम करायचं असेल तर टॅप नावाची परवानगी, आणि तिच्याआधी आयपीसी हे सर्टिफिकेट. म्हणजे दोन्हीकडे दोन कागद, एक एएसपीपीबीचा आणि एक सायपॅक्ट कमिशनचा, म्हणजे करार चालवणाऱ्या मंडळाचा, अर्ज मात्र एकत्रच जातो.

ई-पासपोर्टसाठी अलीकडची फी ४०० डॉलर आणि एपीआयटीची ४०, मग दर वर्षी रिन्यूअलला १०० आणि २०. फिया बदलतात, भरायच्या दिवशी साइटवर बघा. चाळीस राज्यांत वेगवेगळं लायसन्स काढण्याच्या मानाने हे पैसे काहीच नाहीत, पण ज्याचे सगळे क्लायंट गावातलेच आहेत त्याने "असू दे" म्हणून काढायची मला तरी गरज वाटत नाही.

अर्ज ऑनलाइन असतो. वेळ खाणारी गोष्ट म्हणजे ट्रान्सक्रिप्ट, ती युनिव्हर्सिटीकडून थेट जायला लागते, तुम्ही स्कॅन करून पाठवलेली चालत नाही. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मुलींनी आणि पासपोर्टवर वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून लागलेल्या सगळ्यांनीच आधी एक काम करावं, ट्रान्सक्रिप्ट, ईपीपीपी, लायसन्स आणि अर्ज या चारही ठिकाणी नाव कसं लिहिलंय ते शेजारी शेजारी ठेवून बघावं, फरक असेल तर मॅरेज सर्टिफिकेट वगैरे जोडावं. आपल्या नावांची ही भानगड फार आहे आणि अर्ज रेंगाळतो तो अशा फालतू कारणांनी.

लायसन्सवर पूर्वी कारवाई झालेली असेल किंवा गुन्हेगारी रेकॉर्ड असेल तर इथेच थांबायला लागू शकतं. अर्जात तुम्ही लिहूनही देता की टेलिसायकॉलॉजी (व्हिडिओ-फोनवरून काम) मला येते, होम स्टेटचे आणि क्लायंटच्या राज्याचे कायदे मला माहीत आहेत. हे शेवटचं वाक्य लोक न वाचता टिक करतात, त्याबद्दल पुढे सांगते.

टॅपचं थोडक्यात: कॅलेंडर वर्षात एका राज्यात ३० दिवस, आणि दिवसातला एक तास काम केलं तरी तो अख्खा दिवस मोजला जातो. न्यू जर्सीतल्या चेरी हिलला राहून आठवड्यातून दोनदा फिलाडेल्फियाच्या क्लिनिकला जायचं म्हणाल तर एप्रिलच्या मध्याला तीस दिवस संपले, तिथे पेनसिल्व्हेनियाचं लायसन्सच काढा. टॅप उपयोगी पडतं ते एखाद्या मुलाचं असेसमेंट करायला दोन दिवस जायचंय, कोर्टाच्या कामाला जायचंय, अशा वेळी.

कोण कुठे बसलंय

सगळा सायपॅक्ट शेवटी दोन खुर्च्यांवर येतो, तुमची कुठे आहे आणि क्लायंटची कुठे. क्लायंटची खुर्ची सभासद राज्यात हवी हे सगळ्यांना पटकन कळतं. तुमची खुर्ची सेशनच्या वेळी होम स्टेटमध्येच हवी हे मात्र विसरलं जातं.

समजा तुम्ही एडिसनला राहता, न्यू जर्सीचं लायसन्स आणि एपीआयटी आहे, आणि दुपारची नोकरी मॅनहॅटनला आहे. तिथल्या ऑफिसात दार लावून लंच टायमात डॅलसच्या क्लायंटचं सेशन घेतलं, तर सायपॅक्ट लागू होत नाही, कारण तुम्ही त्या क्षणी न्यू यॉर्कमध्ये आहात. तेच सेशन संध्याकाळी घरी आल्यावर घेतलं तर बरोबर. मॅनहॅटनहून घेतलेल्या त्या सेशनला आधार काय, तर टेक्ससचं लायसन्स असलं तर ते, नाहीतर काहीच नाही. तसंच ऑरलँडोला पोरांना डिस्ने दाखवायला गेलात आणि हॉटेलमधून जॉर्जियाचा क्लायंट घेतला तरी तेच, फ्लोरिडा सभासद आहे म्हणून चालेल असं वाटतं पण फ्लोरिडा तुमचं होम स्टेट नाही. दोन सभासद राज्यांची लायसन्सं असतील तर त्या दोन्हीपैकी जिथे बसलात ते त्या सेशनपुरतं होम स्टेट धरलं जातं, ही चांगली सोय आहे.

घर बदलताना जपा. न्यू जर्सीहून ऑस्टिनला शिफ्ट झालात तर जुन्या लायसन्सवर ऑस्टिनमध्ये बसून एपीआयटी वापरता येत नाही, टेक्ससचं लायसन्स हातात येईपर्यंत थांबायला लागतं. नवऱ्याची किंवा बायकोची बदली एका महिन्यात ठरते आणि लायसन्सला कितीतरी महिने जातात, त्यामुळे नुसती कुणकुण लागली तरी अर्ज टाकून मोकळे व्हा.

क्लायंटच्या बाजूने सगळ्यात जास्त हलणारी माणसं म्हणजे कॉलेजची पोरं. आईबाबा न्यू जर्सीत, मुलगी ऑस्टिनला युनिव्हर्सिटीत, उन्हाळ्यात इंटर्नशिपला सिअॅटल, सगळं आत आहे, सेशन चालू राहतं. हीच मुलगी कॅलिफोर्नियात बर्कलीला गेली की थांबलं. म्हणून इनटेकलाच, म्हणजे पहिल्या माहिती घेण्याच्या भेटीतच, विचारा की पुढच्या वर्षभरात कुठे कुठे जायचा प्लॅन आहे, आणि प्रत्येक सेशनच्या सुरुवातीला "आज कुठून बोलतेयस" हे विचारून नोटमध्ये लिहा. थँक्सगिव्हिंगला मावशीकडे सॅन होजेला गेलेली पोरगी स्वतःहून सांगत नाही, तिच्या दृष्टीने लॅपटॉप तोच, तुम्ही त्याच.

अजून एक, सायपॅक्टच्या नकाशावर राज्य रंगलेलं दिसलं म्हणून लगेच सुरू करू नका. कायदा मंजूर होणं आणि लागू होणं यात अंतर असतं. मिशिगनमध्ये २०२२ च्या डिसेंबरात सही झाली पण लागू झालं ते २०२३ च्या मार्चअखेरीस.

क्लायंटच्या राज्याचा कायदा

ज्या वाक्यावर न वाचता टिक केलं ते हे. क्लायंट जिथे आहे त्या राज्याची कामाची चौकट तुम्हाला लागू होते. म्हणजे चाळीस राज्यांची परवानगी मिळाली तरी चाळीस राज्यांचे कायदे पाठ करणं शक्य नाही, आणि म्हणूनच माझा सल्ला असा की सुरुवातीला तीन-चारच राज्यं घ्या, त्यांचा एक-एक पानाचा कागद करून ठेवा, मग वाढवा.

त्या कागदावर काय असावं? पहिलं, धोक्याची सूचना देण्याचं कर्तव्य. क्लायंट म्हणाला की मी अमक्याला मारणार आहे, तर कॅलिफोर्नियात १९७६ च्या टारासॉफ निकालापासून ज्याला धोका आहे त्याचं रक्षण करण्याची जबाबदारी थेरपिस्टवर येते, आणि बऱ्याच राज्यांनी तसंच काहीतरी स्वीकारलं. टेक्सस मात्र उलटं, तिथल्या सुप्रीम कोर्टाने १९९९ मध्ये असं कर्तव्य मानायला नकार दिला, तिथे तुम्ही पोलिसांना किंवा वैद्यकीय लोकांना सांगू शकता, ज्याला धोका आहे त्याला थेट फोन करणं अडचणीचं ठरू शकतं. म्हणजे न्यू जर्सीत शिकलेली सवय ह्यूस्टनच्या क्लायंटला लावली तर चांगल्या हेतूने चूक होईल.

दुसरं, अल्पवयीन मुलांची संमती. पेनसिल्व्हेनियात १४ वर्षांचं किंवा त्याहून मोठं मूल आउटपेशंट थेरपीला स्वतः हो म्हणू शकतं. इलिनॉयमध्ये १२ वर्षांपासून, ठराविक सेशन्सपर्यंत. आपल्या आईबाबांना हे झेपत नाही हे सगळ्यांना माहितीय, पैसे आम्ही देतो मग तो काय बोलला ते आम्हाला का नाही सांगणार असा फोन येतोच येतो, म्हणून पहिल्याच भेटीत त्या राज्याचा नियम साध्या मराठीत समोर बसवून सांगा आणि कन्सेंट फॉर्मवर लिहा.

तिसरं, मुलांवरच्या अत्याचाराची खबर. टेक्सस आणि न्यू जर्सीत तर कोणत्याही माणसावर ती द्यायची जबाबदारी आहे, पण फोन कुठे करायचा, किती वेळात, हे राज्यागणिक बदलतं. क्लायंटच्या राज्याची हॉटलाइन त्या कागदावर वरच लिहून ठेवा.

आणि इमर्जन्सी. तुम्ही एडिसनहून ९११ लावलं तर तो एडिसनच्या जवळच्या केंद्राला जातो, ह्यूस्टनला नाही. म्हणून क्लायंटच्या पत्त्याजवळच्या पोलिसांचा दहा आकडी नंबर, जवळच्या इमर्जन्सी रूमचं नाव आणि तिथे राहणाऱ्या एका जवळच्या माणसाचा फोन, हे पहिल्या सेशनच्या आधी हवं. ९८८ हा आत्महत्या-संकट हेल्पलाइनचा नंबर सगळीकडून लागतो, पण तो क्लायंटने लावायचा आधार आहे, दारात कोणाला पाठवायचं असेल तर स्थानिक नंबरच लागतो.

पैसे, विमा, व्हिसा

सायपॅक्टमुळे काम करायची परवानगी मिळते, इन्शुरन्स कंपनीने पैसे द्यावेत असं त्यात कुठेही नाही. कंपनीचं क्रेडेन्शियलिंग, म्हणजे तुमची पात्रता तपासून यादीत घेणं, वेगळं, काही जणांना ज्या राज्यात क्लायंट तिथलं लायसन्सच हवं असतं. पहिल्या सेशनआधी क्लायंटलाच त्याच्या कंपनीला विचारायला सांगा आणि उत्तर लेखी घ्या. स्वतःच्या मालप्रॅक्टिस विम्यालाही कळवा की आता या या राज्यात सायपॅक्टखाली काम करतेय, कव्हर आहे ना.

एच-१बीवर असाल तर अजून एक कुलूप आहे. सायपॅक्टने हो म्हटलं तरी व्हिसा तुम्हाला फक्त स्पॉन्सर करणाऱ्या मालकाकडे काम करू देतो, शनिवार-रविवारी स्वतःची प्रॅक्टिस काढणं त्यात बसत नाही, फुकट घेतलं तर चालेल का वगैरे युक्त्या मित्रांना विचारू नका, इमिग्रेशन वकिलाला विचारा.

करारात नसलेली राज्यं

क्लायंट कायमचा कॅलिफोर्नियाला चाललाय तर तिथल्या कोणाकडे तरी सोपवा, दोन-तीन नावं आधीच शोधून ठेवा. थोड्या दिवसांसाठी जात असेल तर काही राज्यांत तात्पुरत्या कामाची सोय असते. कॅलिफोर्नियाचा कायदा दुसऱ्या राज्यातल्या डॉक्टरेट पातळीच्या लायसन्स्ड सायकॉलॉजिस्टला कॅलेंडर वर्षात ३० दिवसांपर्यंत मुभा देतो, पण तुमची परिस्थिती त्यात बसते का हे बोर्डाला ईमेलवर विचारा आणि उत्तर फाइलला लावा. कायम तिथलेच क्लायंट घ्यायचे असतील तर लायसन्स काढण्याला पर्याय नाही.

रिन्यूअल आणि भारतात जाताना

ई-पासपोर्ट दर वर्षी रिन्यू होतो, त्यासाठी टेक्नॉलॉजीशी संबंधित तीन तासांचं कंटिन्युइंग एज्युकेशन लागतं. लायसन्सची तारीख वेगळी आणि याची वेगळी, दोन्ही कॅलेंडरमध्ये टाका, कारण होम स्टेटचं लायसन्स लॅप्स झालं की दुसऱ्या राज्यांतलं सगळं काम त्याच दिवशी थांबतं.

आणि भारत. गणपतीला पुण्याला गेलात आणि तिथून रात्री जागून टेक्ससचे क्लायंट बघितले, तर सायपॅक्ट लागू नाही, तुम्ही होम स्टेटमध्ये नाही. स्वतःच्या राज्यातले क्लायंट तिथून बघायचे म्हटलं तर तो तुमच्या बोर्डाचा आणि तुमच्या विम्याचा प्रश्न, आणि मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, तर देशाबाहेरून दिलेल्या सेवेचे पैसे देतच नाही. उलट बाजूनेही तेच, तुमचा क्लायंट महिनाभर नागपूरला आजीकडे गेला तर भारत काही सभासद राज्य नाही. त्यामुळे तिकीट काढलं की क्लायंटना तारखा सांगा, त्या काळात ज्यांना गरज लागेल त्यांच्यासाठी होम स्टेटमध्ये बसलेला, स्वतःचा एपीआयटी असलेला एखादा सहकारी ठरवा, माहिती द्यायची लेखी संमती क्लायंटकडून आधीच घ्या, आणि त्या सहकाऱ्याचा नंबर व्हॉइसमेलवर आणि ईमेलच्या ऑटो-रिप्लायमध्ये दोन्हीकडे टाका.